ताप उतरला, पुढचे कोण बघणार?

हेमलकशाच्या लोकबिरादरी दवाखान्यात सुरुवातीला कुणी फिरकत नव्हते. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३च्या अखेरीस तिथे पोहोचले खरे, पण परक्या डॉक्टरांच्या हाती आपले माणूस सोपवण्याइतका विश्वास माडिया गोंडांना लगेच कुठून वाटणार? या दांपत्याला २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हाच्या मानपत्रात हा विश्वास कसा जुळला त्याचा उल्लेख आहे. दोन रुग्ण बरे झाले आणि त्यांनीच इतरांना दवाखान्यात आणले. एक होता मिरगीचा, अंग भाजलेला. दुसरा सेरेब्रल मलेरियाने मरणाच्या दारात पोहोचलेला.

वरवर पाहता या दोन आजारांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. प्रत्यक्षात तो दाट आहे. मेंदूला सूज आणणारा ताप मलेरियाचा असो, जपानी मेंदूज्वराचा असो की चांदीपुरा विषाणूचा, उतरल्यानंतरही काही जणांच्या मेंदूत तो बिघाड ठेवून जातो. दुसऱ्या प्रकारचा रुग्ण वाचला, तर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तो पहिल्या प्रकारचा रुग्ण होऊ शकतो. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात तापाशी लढणारी यंत्रणा आहे, तापाने गेलेल्यांची नोंद ठेवणारीही आहे. वाचलेल्या लेकराचे पुढे काय झाले, हे घरी जाऊन विचारणारी यंत्रणा मात्र नीट उभी राहिलेली नाही. ती उभी करायला हवी, आणि त्यासाठी लागणारा धडा गडचिरोली जिल्ह्यानेच देशाला शिकवलेला आहे.

चामोर्शी तालुका या प्रश्नाचा जणू नमुनाच आहे. गडचिरोलीहून हेमलकशाकडे जाणारा रस्ता चामोर्शी, आष्टी, आलापल्ली असाच जातो. वैनगंगेच्या या काठावर जुलै-ऑगस्टात रोवणीची धांदल असते. चिखलणी झालेल्या बांध्यांत घोटाभर पाणी, ओणव्याने पऱ्हे रोवणाऱ्या बायकांची रांग आणि त्यांच्या मागेमागे बेडूक-किडे टिपणारे बगळे. याच साचलेल्या पाण्यात क्युलेक्स जातीचे डास वाढतात. जपानी मेंदूज्वराचा विषाणू बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत आणि डुकरांत पोसला जातो, आणि तिथून डास तो माणसापर्यंत आणतो. संसर्ग झालेल्या दर २५० जणांत साधारण एकालाच गंभीर आजार होतो. पण ज्याला होतो, त्याचे हाल कुत्रा खात नाही. गंभीर रुग्णांपैकी ३० टक्क्यांपर्यंत दगावतात. जे वाचतात त्यांच्यातल्या किमान २० ते ३० टक्के जणांना कायमचे अपंगत्व येते. कुणाचा हात लुळा पडतो, कुणाची वाचा जाते, कुणाला वारंवार झटके येऊ लागतात.

चांदीपुरा विषाणूने तर विदर्भाचेच नाव जगभर नेले. १९६५ साली नागपूरकडच्या चांदीपुरा इथल्या तापाच्या रुग्णांमध्ये तो सापडला. शोध लावला पुण्याच्या त्या संस्थेने, जी आज राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. डासापेक्षाही लहान असलेली सँडफ्लाय माशी तो पसरवते. मातीच्या भिंतीतल्या भेगा, गोठ्यातला ओलावा, शेणखताचा खड्डा या तिच्या राहायच्या जागा. पावसाळ्याच्या तोंडावर सकाळी खेळणारे मूल संध्याकाळी तापाने फणफणते, झटके येतात, शुद्ध हरपते, आणि एक-दोन दिवसांत सारे संपू शकते. २००३ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली, त्यातली १८३ गेली. २०२४च्या पावसाळ्यात गुजरात आणि आसपासच्या भागात मेंदूज्वरसदृश आजाराचे २४५ रुग्ण नोंदले गेले आणि ८२ मृत्यू झाले. तपासणीअंती त्यातल्या ६४ जणांना चांदीपुराच झाल्याचे निष्पन्न झाले. या विषाणूवर लस नाही, नेमके औषधही नाही.

मलेरियाबद्दल गडचिरोलीकरांना वेगळे सांगायला नको. राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटा वर्षानुवर्षे याच जिल्ह्याच्या माथी आहे. फाल्सिपेरम मलेरियात परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. रक्त अडते, दाह होतो, मेंदू सुजतो. चौथा गुन्हेगार त्याहून छुपा आहे: डुकरातला पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म.

या कृमीची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण सूज आणि मिरगी यांचे नाते तिच्यात सर्वांत स्वच्छ दिसते. डुकराचे कच्चे किंवा अर्धवट शिजलेले मांस खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि उघड्यावर शौचाला जाण्याची सवय असलेल्या गावात मातीतून भाजीवर, पाण्यात, न धुतलेल्या हातांवर येतात. ती पोटात गेली की त्यातून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदू गाठतात. त्यामुळे माळकरी घरातल्या माणसालाही हा आजार होतो. अमेरिकेत १९९२ साली न्यूयॉर्कमधल्या कट्टर ज्यू वस्तीत असे चार रुग्ण आढळले होते. डुकराचे मांस ज्यांच्या घरात येणेच शक्य नव्हते, त्यांना तो घरकाम करणाऱ्या माणसांच्या पोटातल्या कृमीमुळे झाला असावा, असे तपासात दिसले. मेंदूत अळीभोवती छोटीशी गाठ तयार होते. जिवंत असेपर्यंत अळी शरीराच्या संरक्षक पेशींना वर्षानुवर्षे चकवते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. ती मरू लागली की चकवा संपतो. शरीराला आपल्यात परका जीव असल्याचे कळते, गाठीभोवती सूज येते, आणि कालपर्यंत धान कापणाऱ्या धडधाकट तरुणाला एके सकाळी पहिला झटका येतो. झटका आणण्यात अळीपेक्षा तिच्यावर तुटून पडलेल्या शरीराचाच हात मोठा असतो. म्हणूनच अळी मारणारे अल्बेंडाझोल देताना डॉक्टर सोबत सूज उतरवणारे स्टिरॉइड देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे, हा कृमी जिथे ठाण मांडून आहे अशा अनेक भागांत मिरगीच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तोच असतो.

सूज आल्यावर मेंदूत नेमके होते काय? धानाच्या शेतावर राखणदार असतो, तशा मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. जंतू शिरला की त्या इंटरल्युकिन-१ बीटासारखी रसायने सोडून कुमक बोलावतात. इथवर सारे गरजेचेच असते. पण हीच रसायने चेतापेशींना हळवे करतात, आणि एरवी ज्या संदेशाकडे त्या ढुंकून पाहत नाहीत त्यालाही जोराने उत्तर देऊ लागतात. पेशींभोवती साचलेले पोटॅशियम आणि ग्लुटामेट आवरून ठेवणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशींचे काम ढिले पडते. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा पाझरू लागतो, आणि रक्तातले अल्ब्युमिन मेंदूत उतरून आगीत तेल ओतते. मग असंख्य पेशी एकाच वेळी संदेश सोडू लागतात आणि माणूस झटक्याने कोसळतो. झटका स्वतःही नवी सूज निर्माण करतो, म्हणजे एक झटका पुढच्याची वाट मोकळी करतो. इटलीत मिलानच्या मारियो नेग्री संस्थेत अॅनामारिया वेझ्झानी यांच्या गटाने २०००च्या सुमारास उंदरांवर दाखवून दिले, की इंटरल्युकिन-१चा मार्ग अडवला तर झटके कमी होतात. पुढे मिरगीच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या माणसांच्या मेंदूच्या तुकड्यांतही दाहाच्या खुणा सापडल्या.

कधी कधी जंतू नसतानाही हेच घडते. २००७ साली जोसेप दालमाऊ यांच्या गटाने एक आजार ओळखला, त्यात शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे चेतापेशींवरच्या एनएमडीए ग्राहकांवर (रिसेप्टरवर) चालून जातात. तरुण मुलगी अचानक असंबद्ध बोलू लागते, तिला भास होतात, मग झटके सुरू होतात. आपल्याकडे अशा मुलीला आधी कुठे नेतील, हे सांगायला नको. वेळीच ओळखले तर प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या उपचारांनी ती पुन्हा कॉलेजात जाऊ शकते.

इथे एक धोक्याचा कंदील दाखवायलाच हवा. मेंदूला सूज आहे तर मग स्टिरॉइड टोचा, असा सरळ हिशेब कुणी मांडेल. खेड्यापाड्यांतले झोलाछाप डॉक्टर तो एरवीही मांडतातच, डेक्सा हे त्यांचे आवडते इंजेक्शन. पण १९८२ साली थायलंडमध्ये सेरेब्रल मलेरियाच्या १०० रुग्णांवर हा प्रयोग रीतसर झाला. डेक्सामेथासोनने जीव वाचले नाहीत, उलट रुग्ण अधिक काळ बेशुद्ध राहिले. जपानी मेंदूज्वरातही त्याचा फायदा दिसला नाही. क्षयाच्या मेंदूज्वरात मात्र तेच औषध मृत्यू कमी करते, हे २००४ साली व्हिएतनाममधल्या मोठ्या अभ्यासाने दाखवले. सूज सगळीकडे सारखी नसते. आणि मेंदूज्वरानंतर पुढची मिरगी हमखास टाळेल असे सिद्ध औषध आज जगात कुठेही नाही. त्यामुळे उरतात दोनच मार्ग: सूज आणणारा आजारच होऊ न देणे, आणि झालाच तर नंतरचा पहिला झटका ओळखून लगेच उपचार सुरू करणे.

झटका येणार असेल तर कधी येतो? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या रोचेस्टर भागात मेंदूच्या संसर्गातून वाचलेल्या ७१४ लोकांच्या नोंदी वर्षानुवर्षे पाहिल्या गेल्या. विषाणूजन्य मेंदूज्वराच्या वेळीच ज्यांना झटके आले होते, त्यांच्यापैकी सुमारे २२ टक्के लोकांना पुढच्या २० वर्षांत कोणत्याही तात्कालिक कारणाशिवाय झटका आला. ज्यांना त्या वेळी झटके आले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण १० टक्के होते. पहिली पाच वर्षे सर्वांत जोखमीची. आफ्रिकेतल्या मलावीत सेरेब्रल मलेरियातून वाचलेल्या १३२ मुलांचा माग ठेवला, तेव्हा त्यातल्या १२ मुलांना मिरगी झाली. तुलनेसाठी घेतलेल्या २६४ मुलांपैकी एकालाही झाली नाही. (साध्या तापात लहान मुलांना येणारा झटका ही वेगळी बाब. त्यातली बहुतेक मुले पुढे ठणठणीत राहतात, आईबापांनी धास्ती घेऊ नये.)

हे मलावीत कळले, कारण तिथे कुणीतरी दवाखान्यातून घरी गेलेल्या मुलांच्या मागे गेले.

गडचिरोलीला ही गोष्ट नवी नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळे तपासली, गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बायकांच्या हाती जंतुसंसर्गाचा उपचार दिला, आणि बालमृत्यू नेटाने मोजले. नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि २०११पासून देशभरातल्या आशाताई ठरलेल्या दिवशी बाळाच्या घरी जाऊ लागल्या. नवजाताचा जंतुसंसर्ग आणि जन्मतः गुदमरणे ही पुढच्या मिरगीचीही कारणे आहेत. म्हणजे त्या घरभेटी मृत्यूबरोबर काही झटकेही टाळत असणार. पुढे न्यूरोलॉजिस्ट डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतले मृत्यू तपासले. त्यात दर सात मृत्यूंमागे एक लकव्याचा निघाला आणि मृत्यूचे पहिले कारण तेच ठरले. जंगलातल्या जिल्ह्यात लकव्याने इतकी माणसे मरतात, हे २०१५ साली तो अभ्यास छापून येईपर्यंत कुणाच्या गावी नव्हते. लकव्यातून वाचलेल्यांनाही पुढे मिरगी जडू शकते, हे आणखी वेगळे.

मग मेंदूज्वरातून उठलेल्या मुलासाठी असाच घरभेटींचा क्रम का नसावा? दवाखान्यातून सुट्टी देतानाच त्याचे नाव गावच्या आशाताईच्या वहीत जावे. पहिल्या महिन्यात एक भेट, मग तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, नंतर पाच वर्षे वर्षाकाठी एक. विचारायचे मोजकेच: झटका आला का, मूल मध्येच टक लावून हरवल्यासारखे होते का, बोलणे-चालणे मागे पडले का, शाळेत जाते का. चामोर्शी तालुक्यात मराठी, गोंडी आणि फाळणीनंतर वसवलेल्या कुटुंबांची बंगाली अशा तिन्ही भाषा कानावर पडतात. तेव्हा प्रश्न त्या त्या बोलीत हवेत आणि झटका कसा दिसतो याचा छोटा व्हिडिओ आशाताईच्या मोबाइलमध्ये हवा.

आशाताईंच्या डोक्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, ही तक्रार रास्त आहे. पण एका तालुक्यात वर्षाला अशी मुले हजारोंनी नसतात. दर भेटीचा मोबदला ठरवून वेळेवर दिला तर हे काम अशक्य नाही. दुसरा आक्षेप असा येईल, की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात झटक्यांच्या आजाराची तपासणी आहेच. आहे, २०१३पासून. पण ते पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते, आणि झटके येणारे पोर बहुतेक वेळा शाळेतून आधीच घरी बसवलेले असते. केंद्राच्या मेंदूज्वर कार्यक्रमात वाचलेल्यांच्या पुनर्वसनाची तरतूद होती, पण त्यासाठी निवडलेले ६० जिल्हे उत्तर प्रदेश, बिहार, आसाम, पश्चिम बंगाल आणि तमिळनाडूतले. महाराष्ट्रातला एकही नाही. केंद्राच्या यादीत नाव नाही म्हणून राज्याने हात बांधून बसण्याचे कारण नाही.

आजार रोखण्याचे काम तर वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेले आहे. मच्छरदाण्या आणि फवारणी हिवताप विभागाकडे, संडास पंचायतीकडे, डुकरे पशुसंवर्धनाकडे, जपानी मेंदूज्वराची लस बालआरोग्याकडे, आणि तीही या आजारासाठी प्रवण ठरवलेल्या जिल्ह्यांपुरतीच नियमित. यातले कुणीही आपण मिरगी रोखतो आहोत असे मानत नाही. गावात मोकाट फिरणारे डुक्कर मेंदूज्वराच्या विषाणूलाही आसरा देते आणि पट्टकृमीलाही. पेरूतल्या तुंबेस भागात माणसांना आणि डुकरांना एकाच वेळी औषधे, शिवाय डुकरांना लस देऊन या कृमीचा फैलाव थांबवता येतो, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. डुकरांसाठीची तशी लस आपल्या शेजारी हैदराबादेतली इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी बनवते. बंदिस्त वराहपालनाला अनुदान देताना ही लस आणि जंतनाशकाची अट घालायला काय हरकत आहे?

उपचाराचे म्हणाल, तर तो महागडा नाही. औषधे नेमाने घेतली तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात आणि जुन्या, साध्या औषधांचा वर्षाचा खर्च पाच डॉलरइतका कमी असू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी खेड्यांतले बहुसंख्य रुग्ण उपचाराविना राहतात. चामोर्शीहून नागपूर दोनशे किलोमीटरच्या आसपास. एमआरआय करायला गेलेल्या माणसाचा दिवस बुडतो, मजुरी बुडते, आणि मोठ्या डॉक्टरने लिहून दिलेली गोळी जवळच्या आरोग्य केंद्रात मिळेलच असे नाही. ही गोळी संपली म्हणून एकदम थांबवणे फार घातक. मिरगीवरचे फिनोबार्बिटोन अचानक बंद झाले तर न थांबणारे झटके येऊन जीवही जाऊ शकतो.

घरच्यांनी करायचे ते थोडेच आहे. झटका आला की माणसाला कुशीवर वळवावे, आजूबाजूचे दगड-विळे बाजूला करावेत, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालू नये, पाणी पाजू नये. कांदा, चप्पल हुंगवून काही होत नाही. पाच मिनिटांच्या वर झटका चालला तर थेट दवाखाना. फिट येणाऱ्याने एकट्याने बोडीत किंवा तलावात उतरू नये, चुलीजवळ एकटे बसू नये. आणि लग्नाचे विचाराल, तर हिंदू विवाह कायद्यातला मिरगीचा उल्लेख संसदेने १९९९ साली काढून टाकला. आजार लपवून सोयरीक जुळवायची आणि मग सासरी सुनेच्या गोळ्या बंद करायच्या, हा प्रकार मात्र कायद्याने थांबत नाही.

पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ता तुटतो आणि वैनगंगेला पूर आला की चामोर्शी-आष्टीकडची गावेही अडकतात. पुराआधी धान्य पोहोचवण्याचे नियोजन प्रशासन दरवर्षी करते. त्याच यादीत मिरगीच्या रुग्णांच्या तीन महिन्यांच्या गोळ्या घालता येतील. त्यासाठी कोणत्या गावात कोण रुग्ण आहे हे मेअखेर माहीत असावे लागेल, आणि ते आशाताईच्या वहीतूनच कळेल. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी गेल्या पाच वर्षांतल्या मेंदूज्वर आणि सेरेब्रल मलेरियाच्या सुट्टी दिलेल्या रुग्णांची यादी काढून चामोर्शी तालुक्यापासून सुरुवात करावी. पत्ते दवाखान्यांच्या दप्तरात आहेतच.